विज्ञानकादंबरी कानावर येते तेव्हा

विज्ञानकादंबरीचे नभोनाट्य झाले की चर्चा बहुधा वजाबाकीची होते. तीनशे पानांतले काय गाळले, कोणते पात्र कापले, शेवट बदलला का, हे मोजले जाते आणि रूपांतर म्हणजे मूळ कलाकृतीची आखूड प्रत, असा निष्कर्ष निघतो. गेल्या शंभर वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांचा पुरावा वेगळा आहे. काही रूपांतरे मूळ कादंबरीच्या तोडीची आहेत आणि काही तिच्याहून निःसंशय सरस आहेत. ती सरस कशामुळे ठरली, हे नेमके सांगता येते.

याची कारणे विज्ञानकादंबरीच्या घडणीतच आहेत. या प्रकारात लेखकाला कोणीही न पाहिलेले जग उभे करायचे असते. त्या जगाचे नियम, यंत्रे, इतिहास वाचकाला सांगावेच लागतात. मग निवेदक मध्ये येऊन पानेच्या पाने समजावत बसतो, नाहीतर एक शास्त्रज्ञ दुसऱ्या शास्त्रज्ञाला त्या दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट सविस्तर ऐकवतो. कल्पना भव्य असते, पण तिचा भार वाहणारी माणसे पुष्कळदा सपाट राहतात आणि सगळी एकाच आवाजात, म्हणजे लेखकाच्या आवाजात बोलतात. छापील पानावर हे खपून जाते, कारण वाचक दोन परिच्छेद ओलांडून पुढे जाऊ शकतो. श्रोत्याला ती सोय नसते. स्पष्टीकरण लांबले की त्याचे लक्ष सुटते आणि दोन पात्रे सारखी बोलू लागली की कोण बोलते आहे हेच त्याला कळेनासे होते. म्हणून या प्रकारातले दोन जुने दोष दूर केल्याशिवाय नभोनाट्य उभेच राहत नाही. रूपांतरकाराला ही सुधारणा करावीच लागते.

तिसरे कारण अधिक खोल आहे. कादंबरीतला निवेदक बहुधा सगळे संपल्यावर बोलतो, त्याला शेवट माहीत असतो. नभोनाट्यातला माणूस घटनेच्या आत उभा राहून बोलतो आणि श्रोत्यालाही तिथेच उभे करतो. ज्या जगाविषयी कोणालाच काही ठाऊक नाही, त्या जगात अपुऱ्या माहितीनिशी वावरणे हा विज्ञानकथेचा गाभा आहे, आणि तो अनुभव कानातून जितका थेट पोहोचतो तितका छापील शब्दातून क्वचितच पोहोचतो.

नभोवाणीला हे सामर्थ्य फार लवकर उमगले. खास नभोवाणीसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांत गणले जाणारे रिचर्ड ह्यूज यांचे ‘डेंजर’ बीबीसीने जानेवारी १९२४ मध्ये सादर केले. ते एका कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यानंतरच्या काळोखात घडते. पात्रांनाही दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. १९२७ मध्ये बीबीसीने कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ नभोवाणीवर आणले. ‘रोबो’ हा शब्द जगाला ज्या नाटकाने दिला तेच हे नाटक. तरीही या क्षेत्राचा खरा आरंभ ३० ऑक्टोबर १९३८ या तारखेपासून धरावा लागतो.

त्या रात्री ऑर्सन वेल्स यांच्या ‘मर्क्युरी थिएटर ऑन दि एअर’ने सीबीएसवरून एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’चे रूपांतर सादर केले. १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी इंग्लंडच्या सरे परगण्यात, वोकिंग गावाजवळच्या माळावर सुरू होते. तिचा निवेदक मंगळवासीयांच्या स्वारीनंतर काही वर्षांनी आठवणी लिहितो आहे. म्हणजे पहिल्या पानापासूनच वाचकाला दोन गोष्टी कळतात: हा माणूस वाचला आणि माणसांचे जगही वाचले. वेल्स यांच्या गद्यात भीती आहे, पण ती मागे वळून पाहणाऱ्याची भीती आहे.

संहिताकार हॉवर्ड कॉक यांच्या हाती आठवडाभरही वेळ नव्हता. त्यांनी कथा न्यू जर्सीत आणली आणि नकाशावर पेन्सिल टेकवून ग्रोव्हर्स मिल हे खेडे निवडले. स्थळातल्या बदलाहून आकारातला बदल महत्त्वाचा ठरला. नाटकाचा पूर्वार्ध चालू कार्यक्रमात घुसणाऱ्या बातम्यांचा बनलेला आहे. हॉटेलातून नृत्यसंगीताचे प्रक्षेपण चालू असते. ते थांबवून मंगळावरच्या स्फोटांची बातमी येते. पुन्हा संगीत लागते आणि चांगले रेंगाळते. हे रेंगाळणे मुद्दाम योजलेले आहे. श्रोत्याची नेहमीची संध्याकाळ नीट प्रस्थापित झाल्याशिवाय तिला तडा जाणार नाही, हे त्या मंडळींना उमगले होते. पुढे बातम्यांमधले अंतर कमी होत जाते. शेतात पडलेल्या नळकांड्यापाशी बातमीदार उभा आहे, झाकण फिरू लागते, गर्दीचा आवाज बदलतो, बातमीदाराचे वाक्य अर्ध्यावर तुटते आणि काही क्षण नुसती शांतता. ही भूमिका करणाऱ्या फ्रँक रीडिक यांनी तयारीसाठी हर्बर्ट मॉरिसन यांचे, मे १९३७ मधल्या हिंडेनबर्ग वायुजहाजाच्या दुर्घटनेचे ध्वनिमुद्रण ऐकले होते. ध्वनिपरिणामांचे काम ओरा निकोल्स यांचे आणि संगीतदिग्दर्शन बर्नार्ड हरमन यांचे होते.

मूळ कादंबरीत नसलेली मोठी गोष्ट इथे घडते. सांगणारा माणूस सांगता सांगता मरतो. पुढे न्यूयॉर्कच्या छपरावरचा निवेदक विषारी वायू रस्त्यारस्त्याने जवळ येताना पाहतो, बोलत राहतो आणि कोसळतो. मग एक हौशी बिनतारी चालक कोणी ऐकते आहे का म्हणून विचारत राहतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. ‘निवेदक शेवटपर्यंत राहणारच’ हा वाचकाचा भरवसा कादंबरीला मोडता आला नव्हता. कॉक यांनी तो चाळीस मिनिटांत मोडला. त्या काळात या कार्यक्रमाला जाहिरातदार नव्हता, त्यामुळे साबणाची किंवा कॉफीची जाहिरात मध्ये येऊन भ्रम तुटला नाही, हेही यशाचे एक साधे कारण आहे.

प्रसारणामुळे देशभर पळापळ झाली, ही कथा सर्वांना ठाऊक असते. प्रिन्स्टनच्या हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९४० मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. पुढच्या संशोधकांनी मात्र ही घबराट वर्तमानपत्रांनी बरीच फुगवल्याचे दाखवून दिले आहे. कलाकृती म्हणून या नाटकाचे मोल ठरवताना तो वाद बाजूला ठेवणे बरे. अधिक शिकवून जातो तो त्याचा उत्तरार्ध. मध्यंतरानंतर बातम्यांचा घाट संपतो आणि प्राध्यापक पिअरसनचे दीर्घ स्वगत सुरू होते. हा भाग कादंबरीच्या शैलीशी सर्वांत प्रामाणिक आहे आणि सर्वांत निस्तेजही. एकाच तासात रूपांतराचे यश आणि त्याची मर्यादा अशी शेजारी शेजारी ऐकायला मिळते, म्हणून नवख्या श्रोत्याने सुरुवात इथूनच करावी.

त्यानंतर अमेरिकेत या कलेने जो मार्ग धरला तो अर्ध्या तासाच्या कथामालिकांचा होता. एनबीसीची ‘डायमेन्शन एक्स’ (१९५०-५१) आणि ‘एक्स मायनस वन’ (१९५५-५८) या मालिकांसाठी अर्नेस्ट किनॉय आणि जॉर्ज लेफर्ट्स यांनी मासिकांतल्या विज्ञानकथा मोठ्या संख्येने रूपांतरित केल्या. रे ब्रॅडबरी यांची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ १९५० मध्ये छापून आली आणि त्याच वर्षी नभोवाणीवर पोहोचली. माणसे नाहीशी झाल्यावरही वेळा सांगत राहणारे, न्याहारी रांधणारे स्वयंचलित घर हा तिचा विषय. ज्या घरात फक्त यंत्रांचा आवाज उरला आहे, ते घर ऐकण्यासाठीच जन्मले होते. या परंपरेचा गुण म्हणजे वेग, आणि तिची उणीवही वेगच. कथेला अर्धा तास पुरतो, कादंबरीला पुरत नाही.

ब्रिटनमध्ये हप्त्याहप्त्याने चालणाऱ्या नभोनाट्यांची परंपरा वाढली. चार्ल्स चिल्टन यांची ‘जर्नी इनटू स्पेस’ (१९५३ पासून) ही स्वतंत्र मालिका विलक्षण लोकप्रिय झाली. १९५८ मध्ये बीबीसीने मेडा व्हेल इथे रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू केले आणि निसर्गात नसलेले ध्वनी फितीच्या तुकड्यांतून व विद्युत-उपकरणांतून घडवण्याची सोय झाली. परक्या ग्रहाला स्वतःचा आवाज मिळाला. त्याच दशकात, १९५७ मध्ये, जाइल्स कूपर यांनी जॉन विंडम यांच्या ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’चे (१९५१) रूपांतर केले. कूपर यांचीच संहिता १९६८ मध्ये नव्या नटसंचात पुन्हा सादर झाली, यावरून तिची योग्यता कळावी.

‘ट्रिफिड्स’चे उदाहरण या विषयाच्या केंद्रस्थानी ठेवण्याजोगे आहे. कादंबरीचा नायक डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत रुग्णालयात जागा होतो. आदल्या रात्री आकाशातला हिरवा उल्कावर्षाव पाहणारी बहुतेक सगळी माणसे आंधळी झाली आहेत, हे त्याला अजून ठाऊक नाही. बाहेर वाहनांची वर्दळ नाही, कोणी हाक मारत नाही, दूरवर कुणीतरी रडते आहे, एवढ्यावरून तो जग बदलल्याचे ताडतो. विंडम यांनी हे उत्तम लिहिले आहे, पण वाचक ते वाचतो डोळ्यांनीच. श्रोता मात्र नायकाच्या आणि पुढे आंधळ्या जमावाच्या जागी आपोआप जाऊन बसतो. चालणाऱ्या विषारी वनस्पतींची गोष्टही तशीच. १९६२ च्या चित्रपटाला त्या दाखवाव्या लागल्या आणि दिसल्याबरोबर त्यांचा दरारा ओसरला. नभोनाट्यात त्यांचा फक्त खडखडाट येतो, खोडाशी असलेल्या काड्या आपटल्याचा. तो आवाज म्हणजे त्यांचे आपसातले बोलणे असावे, ही कादंबरीतली शंका ऐकणाऱ्याच्या मनात कोणी न सांगता उगवते.

अमेरिकेत सार्वजनिक नभोवाणीने १९८१ मध्ये या कलेला पुन्हा उभारी दिली. ‘स्टार वॉर्स’चे तेरा भागांचे नभोनाट्य गाजले. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या केंद्राने वॉल्टर मिलर यांच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’चे (१९५९) पंधरा भाग तयार केले, त्याचा गाजावाजा कमी झाला, पण कलेच्या दृष्टीने ते काम मोठे आहे. अणुयुद्धानंतरच्या एका मठाची ही कथा शतकांच्या अंतराने तीन खंडांत घडते. प्रत्येक खंडात पात्रे नवी, त्यामुळे वाचक दर वेळी नव्याने सुरुवात करतो. शिवाय पानापानावरची लॅटिन वचने बहुतेक जण ओलांडूनच जातात. नभोनाट्यात ती वचने समूहगायन होऊन येतात. माणसे बदलतात, राज्ये येतात-जातात आणि मठातले गायन तेच राहते. ज्ञान जपणाऱ्या संस्थेचे सातत्य हा कादंबरीचा आशय पहिल्यांदा इंद्रियगोचर होतो.

निष्ठा पाळूनही रूपांतर फसू शकते, याचे उदाहरण आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ त्रयीचे आहे. बीबीसीने १९७३ मध्ये तिचे तासातासाचे आठ भाग केले. पॅट्रिक टल आणि माइक स्टॉट यांच्या संहिता होत्या. मूळ पुस्तके संवादांवरच चालतात, म्हणून काम सोपे वाटावे. अडचण अशी की ते संवाद म्हणजेच स्पष्टीकरण आहे. खोलीत बसलेली माणसे साम्राज्याच्या ऱ्हासाविषयी बोलतात आणि घटना बाहेर कुठेतरी घडून गेलेल्या असतात. रूपांतरकारांनी हे संवाद विश्वासाने जपले आणि त्यांच्याबरोबर मूळचा सपाटपणाही जपला. त्यावर विद्युत-ध्वनींचा भडिमार इतका की काही ठिकाणी बोलणे ऐकू येत नाही. आवाज वाढवून जग उभे राहत नाही. प्रसंग कोणाच्या कानांनी ऐकायचा, हे ठरवावे लागते.

उलट दिशेचा प्रवासही इथे नोंदवायला हवा. डग्लस ॲडम्स यांचे ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ ८ मार्च १९७८ रोजी नभोनाट्य म्हणून सुरू झाले आणि कादंबरी १९७९ मध्ये आली. निवेदकाची पेचदार समस्या ॲडम्स यांनी सरळ सोडवली. माहिती सांगणारा आवाज हाच कथेतला एक ग्रंथ, म्हणजे एक पात्र आहे. पीटर जोन्स यांच्या आवाजातल्या या ग्रंथाने स्पष्टीकरणालाच करमणुकीचे स्थान दिले. कादंबरीतही तीच वाक्ये चांगली वाटतात, पण तिथे ती लेखकाची होतात.

एकविसाव्या शतकातली रूपांतरे आवाजांच्या निवडीवर अधिक भर देतात. मॅक्स ब्रूक्स यांच्या ‘वर्ल्ड वॉर झेड’ (२००६) या कादंबरीत जगभरच्या वाचलेल्या लोकांच्या मुलाखती आहेत. तिच्यावरचा रास्त आक्षेप असा की सैनिक, डॉक्टर, व्यापारी सगळे एकाच धाटणीत बोलतात. ॲलन अल्डा, कार्ल राइनर, मार्क हॅमिल यांच्यासारख्या नटांनी ती ध्वनिमुद्रित केली, मुलाखतकार स्वतः ब्रूक्स झाले आणि हा आक्षेप जवळजवळ पुसला गेला. वय, दमलेपण, अपराधभाव, बढाई हे शब्दांत नव्हते. ते श्वासांतून आले.

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ची (१९६९) गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्यातल्या ग्रहावरची माणसे कायमची स्त्री किंवा पुरुष नसतात. तरी कादंबरीत सर्वांसाठी पुल्लिंगी सर्वनाम वापरल्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे पुरुषच उभे राहतात, हा आक्षेप पुढे ले ग्विन यांनीही मान्य केला. बीबीसी रेडिओ ४ साठी ज्युडिथ ॲडम्स यांनी २०१५ मध्ये केलेल्या रूपांतरात एस्ट्राव्हेन ही भूमिका लेस्ली शार्प या अभिनेत्रीकडे आहे. आवाज ऐकताना मनातले चित्र स्थिर होत नाही, ते सतत दुरुस्त करावे लागते. पृथ्वीवरून आलेल्या दूताला त्या ग्रहावर नेमका हाच अनुभव येत असतो. पुस्तकाला जे साधायचे होते आणि पूर्ण साधले नव्हते, ते केवळ पात्रयोजनेने साधले.

सामान्य कादंबरीलाही रूपांतर वर उचलू शकते. टिम लेबन यांची ‘एलियन : आउट ऑफ द शॅडोज’ ही लोकप्रिय चित्रपटमालेच्या आधाराने लिहिलेली, वाचून विसरण्याजोगी कादंबरी. डर्क मॅग्ज यांनी २०१६ मध्ये ऑडिबलसाठी तिचे ध्वनिनाट्य केले. त्यात रुट्गर हावर यांचा ॲश हा यंत्रमानव थंडपणे आपले अहवाल देत राहतो. अहवालाचा कोरडा मजकूर पानावर नजरेखालून सटकतो. ज्याला कोणाची दया येत नाही असा मृदू आवाज कानाशी आला की तोच मजकूर सगळ्या राक्षसांहून भयंकर वाटतो.

रूपांतरात हानी होतेच, आणि ती लपवणे या विषयाशी बेइमानी ठरेल. एच. जी. वेल्स यांनी मंगळवासीयांची तुलना टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचा संहार करणाऱ्या युरोपीयांशी केली होती. साम्राज्यावरचा हा वार १९३८ च्या नाटकात उरत नाही. दीर्घ काळाचा पट, गणिती युक्तिवाद, एकाकी माणसाचे चिंतन हेही ध्वनीला जड जाते. म्हणून प्रत्येक कादंबरी नभोनाट्य होण्यास योग्य नसते. जिचे बळ तिच्या वाक्यांत आहे तिला न छेडणे चांगले. जिची कल्पना मोठी आणि माणसे अर्धवट घडलेली, तिच्याकडून सर्वाधिक अपेक्षा ठेवावी.

हा विषय आज महत्त्वाचा झाला आहे तो ऐकण्याच्या सवयी बदलल्यामुळे. नभोवाणी संचाभोवती बसलेले कुटुंब जाऊन प्रवासात, कामात कानात श्राव्ययंत्र घालून ऐकणारी एकटी व्यक्ती आली आहे. चीनमध्ये ल्यू त्सिशिन यांच्या ‘थ्री-बॉडी’ कादंबऱ्यांचे प्रदीर्घ ध्वनिनाट्य २०१९ पासून आले. मराठीतही स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे श्राव्य पुस्तकांना श्रोतृवर्ग मिळाला. मात्र एका वाचकाने वाचलेले श्राव्य पुस्तक आणि नभोनाट्य या दोन भिन्न कला आहेत. पहिली लेखकाचे निवेदन जपते, दुसरी ते मोडून नव्याने रचते. आता तर यंत्रनिर्मित आवाजात पुस्तके वाचून घेणे स्वस्त झाले आहे. अशा वेळी अभिनय, विराम आणि ध्वनियोजना यांनी काय घडते हे नीट समजून घेण्याची गरज वाढते.

मराठीला हे क्षेत्र परके नाही. मुंबई केंद्र १९२७ पासून प्रसारण करत आले आहे आणि आकाशवाणीच्या श्रुतिकांनी लेखकांच्या व नटांच्या पिढ्या घडवल्या. दुसरीकडे, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून १९७४ मध्ये जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा पुढे आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी विज्ञानकथेला वाचक मिळवून दिला. या दोन परंपरांची गाठ मात्र व्हावी तितकी पडली नाही. मराठी विज्ञानकथेतही शास्त्रज्ञाचे व्याख्यान मध्येच सुरू होण्याची खोड आहे आणि तिच्यावर नभोनाट्याइतका कठोर व उपकारक संपादक दुसरा नाही.

प्रस्तुत पुस्तक या दृष्टीने रचले आहे. कादंबरी आणि तिचे ध्वनिरूप शेजारी ठेवून एकेक प्रसंग कसा बदलला, कशासाठी बदलला आणि त्यातून काय कमावले वा गमावले, हे त्यात तपासले आहे. मूळ मजकुराशी निष्ठा ही कसोटी जाणीवपूर्वक बाजूला ठेवली आहे. श्रोता कुठे उभा आहे, त्याला किती माहीत आहे आणि ते त्याला कोणाच्या आवाजातून कळले, हे तीन प्रश्न प्रत्येक कृतीला विचारले आहेत. स्वतंत्रपणे नभोवाणीसाठी लिहिलेल्या मालिकांचा विचार केवळ संदर्भापुरता आहे. संपूर्ण इतिहास लिहिण्याचा दावा नाही.

वाचकाने कादंबरी आधी वाचावी, मग ध्वनिमुद्रण एका बैठकीत ऐकावे आणि त्यानंतरच संबंधित लेख उघडावा. आणि ज्यांच्या हाती आकाशवाणीचा स्टुडिओ, महाविद्यालयातला ध्वनिमुद्रण कक्ष किंवा साधा चांगला ध्वनिग्राहक आहे, त्यांनी नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’सारखी एखादी मराठी विज्ञानकादंबरी निवडून, रीतसर परवानगी घेऊन, तिची श्रुतिका लिहायला घ्यावी.